लाटणं दातांत धरून ऐकणारे गृहस्थ

मी तरुण असताना, म्हणजे अडुसष्ट वर्षांची असताना, एका गिटारच्या पोटात वातीच्या सुताचा दोरा घातला होता. पाच पदरी. स्वतःच्या हाताने, डोळ्यांवर चष्मा असताना आणि पूर्ण शुद्धीत.

आता शहात्तरी गाठल्यावर कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मात्र मला मी फारच हुशार वाटले होते. लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले. आमच्या बाई तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायच्या, मागेपुढे करायच्या, आणि एका जागी तो तंबोरा असा काही घुमायला लागायचा की अंगावर काटा यायचा. याला जवारी म्हणतात. पुढे गाणं सुटलं, लग्न झालं, राग विसरले, ताल विसरले. दोरा तेवढा लक्षात राहिला. शिकलेल्यातलं नेमकं अर्धवट तेवढंच माणसाच्या लक्षात राहतं.

गिटार नातीची. ती नोकरीला बेंगळुरूला गेली आणि गिटार आमच्याकडे ठेवून गेली. कॉलनीतल्या माझ्या वयाच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी गिटारच्या क्लासला गेले. क्लासमध्ये माझ्या खालोखाल मोठी विद्यार्थिनी नववीत होती. तीही मला ‘आजी, पुढच्या वेळी येताना नखं कापून या’ असं सांगायची.

आमचे हे ऐकायला कमी. दोन्ही कानांत मशिनं. नुसती गिटार त्यांच्यापर्यंत पोचायची नाही, म्हणून मी वायर लावून वाजवायची. त्या गिटारला पिकअप आतूनच बसवलेला होता, आणि सोबत टोस्टरएवढा एक स्पीकर. वायर खुपसली की आवाज मोठा व्हायचा. मोठा व्हायचा, पण बदलायचासुद्धा. लाकडाची गिटार अचानक प्लास्टिकची होऊन जायची. डब्याचं झाकण नखाने खरवडावं तसं काहीतरी यायचं. नात फोनवर म्हणाली, “आजी, पिकअपचा साउंड असाच असतो गं, लोक इक्यू करतात.” मी म्हटलं, बरं. म्हणजे काय ते विचारलं नाही. विचारायला कमीपणा वाटला.

आणि मी वायर खुपसली की आमचे हे काय करायचे? अत्यंत शांतपणे आधी उजव्या कानातलं मशीन काढायचे, मग डाव्या कानातलं. दोन्ही एका निळ्या डबीत ठेवायचे आणि डबी मिटायचे. टक्. मग हाताची घडी घालून माझ्यासमोर बसायचे, शेवटपर्यंत.

तो टक् माझ्या काळजात बसायचा. आमच्या संसारात भांडणं झाली, अबोले झाले, एकदा तर मी बॅग भरून कोपऱ्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत आले. पण त्या टकसारखा अपमान कशानेच झाला नव्हता. मार्गशीर्षात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. लग्न ठरल्यावर ह्यांनी एकदा आमच्या घराखाली सायकल थांबवून एक चाल शिट्टीवर वाजवली होती. एकदाच. नंतर आयुष्यात कधी नाही, कारण वरून माझे वडील खाली आले. ती चाल त्या दिवशी मी गिटारवर वाजवायची आणि ह्यांनी ती कानांत मशिनं ठेवून ऐकायची, एवढीच माझी इच्छा होती. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी असलं काही सांगायला लाज वाटते.

तर दोरा. तारा ज्या पांढऱ्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, त्या पट्टीच्या खाली एक बारीक फीत असते. तोच पिकअप. पट्टी त्या फितीवर सगळीकडून सारखी बसायला हवी, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी तारा सैल केल्या, पक्कडीने पट्टी उपटली, खाली दोरा अंथरला आणि पट्टी परत बसवली. जरा वर राहिली, म्हणून बत्त्याने ठोकली. हळूच.

मग दोन तारा ओरडायला लागल्या आणि चार कुजबुजायला. गिटारच्या खांद्यावर चार बटणं होती. मी चारही शेवटपर्यंत फिरवली. दिलंय ते पूर्ण वापरायचं, हे आमच्या माहेरचं तत्त्वच आहे. तशीच ती गिटार घेऊन सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर बसले. पहिल्याच तुकड्याला स्पीकरने अशी किंकाळी फोडली की मंडपात आठ दिवस मुक्काम ठोकून असलेलं कुत्रं उठून निघून गेलं. ह्यांच्या शिट्टीची चाल वाजवायला मी घरी सराव करत होते, आणि इथे गिटारच शिट्टी मारत होती. कोणीतरी वायर उपटली. मंडपात शांतता. आणि त्या शांततेत, पहिल्या रांगेतून: टक्.

दुसऱ्या दिवशी नातीचा फोन. “आजी, कसब्यात एक काका आहेत, तांबट आळीत. थोडे वीअर्ड आहेत, पण साउंडमध्ये जीनियस आहेत. फक्त त्यांच्याशी वाद घालू नकोस.”

“मी कुठे वाद घालते?”

“हेच ते,” ती म्हणाली.

आता कसब्यात मेट्रोने जाता येतं. तेव्हा सगळीकडे खोदलेलं होतं. रिक्षावाल्याने मला गिटारसकट एका पत्र्याच्या कुंपणाशी सोडलं, आणि तिथून मी आवाजाच्या दिशेने चालत गेले. तांबट आळी शोधावी लागत नाही, ऐकू येते. दोन्ही बाजूंना तांब्याची भांडी ठोकणं चाललेलं. ठण्णठण्णठण्ण. त्या ठोकाठोकीच्या बरोबर मधोमध ह्या आवाजाच्या डॉक्टरांचं दुकान. मला वाटलं, नातीने माझी चेष्टा केली.

आत गेले तर साठी उलटलेले एक किडकिडीत गृहस्थ स्टुलावर बसलेले. बंडी, कानावर पेन्सिल. मांडीवर कोणाची तरी गिटार, आणि दातांत लाटणं. पोळ्यांचं. लाटण्याचं एक टोक दातांत घट्ट धरलेलं, दुसरं गिटारच्या पोटावर टेकलेलं. डोळे मिटलेले. बोटाने एकेक तार छेडत होते आणि लाटणं इंचाइंचाने सरकवत होते. बघून मला एवढं हसू आलं की मी दारातल्या घंगाळावर आपटले.

त्यांनी लाटणं काढलं. “बसा. दुखणं सांगू नका.”

“म्हणजे?”

“माणसं चुकीचं सांगतात. तिलाच सांगू दे.” ती म्हणजे गिटार.

“एवढ्या ठोकाठोकीत तुम्हाला ऐकू कसं येतं?”

“म्हणून तर लाटणं. उरलेलं जग दातांतून येत नाही.”

नाव त्यांचं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी माझं विचारलं नाही. मला ते ‘बाई’ म्हणायचे. आळीत त्यांना सगळे ‘काका’ म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठे तांबटसुद्धा. दुकानात घड्याळ होतं, पण बंद ठेवलेलं, टिकटिक मधे येते म्हणून. बाहेर दोन डझन हातोडे चालू आणि काकांना घड्याळाचा त्रास! रस्त्यावरून जाणारी स्कूटर न बघता ते सांगायचे, “ह्याच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, चौकात बसणार हा.” एकदा मी खरंच चौकात जाऊन पाहिलं. बसला होता. मी त्यांना विचारलं, तुम्हाला गाण्यात काय आवडतं? तर म्हणाले, “मी गाणं ऐकत नाही. आवाज ऐकतो. गाणं ऐकायला लोक आहेत.”

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा एका प्रश्नात होता. वाद्य असो, माइक असो, ते हातात घेण्याआधी विचारायचे, “कोणी ऐकायचंय?”

ह्या प्रश्नाचं उत्तर ‘लोकांनी’ असं दिलं की संपलं. माझा नंबर लागायला तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एका मंडळाचे कार्यकर्ते स्पीकर घेऊन आले होते. म्हणाले, “काका, असा करा की सगळ्या पेठेला ऐकू गेला पाहिजे.” काका म्हणाले, “मग पेठेला घेऊन या.” ते हसले. काका हसले नाहीत. शेवटी गेले बिचारे स्पीकर उचलून. दुसऱ्या दिवशी एक कीर्तनकारबुवा आले, त्यांना आदल्या वेळी हाच प्रश्न विचारला होता आणि ते ‘आईने’ म्हणून गेले होते. तर त्या दिवशी ते आईला घेऊन आले. नव्वदीच्या बाई, नऊवारी, पाठीत वाकलेल्या. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि अर्धा तास बुवांचा माइक त्यांच्या कानाला लावला, म्हणजे जुळवला. “आजी, आता?” “घोगरा येतोय रे.” “आता?” “आता माझा बाळू बोलतोय.” मग बुवांना म्हणाले, “न्या. आता सगळ्यांना ऐकू येईल.”

ह्यात काय शास्त्र होतं मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की माझी पाळी आली तेव्हा मी काय उत्तर देणार ते अवघड आहे.

“कोणी ऐकायचंय?”

‘नवऱ्याने’ हा साधा शब्द. पन्नास वर्षं रेशनकार्डावर लिहिला. पण तिथे, बंडीतल्या परक्या माणसासमोर, तो तोंडातून निघेना. मी मान ताठ करून म्हटलं, “रसिकांनी.”

“कुठले?”

“आहेत.”

“घेऊन या त्यांना,” ते म्हणाले, आणि माझी गिटार उलटी करून तारा सैल करायला लागले. पांढरी पट्टी वर आली. पट्टीखालून दोरा. चपटा झालेला, बुरशी आल्यासारखा. तो त्यांनी चिमट्यात धरून उजेडात पाहिला.

“हा कोणी घातला?”

“दुकानातूनच तसा आला असेल,” मी म्हटलं. अडुसष्ट वर्षं, दोन मुलं, एक नात, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी थाप मारत होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोरा बोटाला गुंडाळला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, “दुकानदाराची आई गाणं शिकलेली दिसते.”

मग त्यांनी काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि ती हाडाची पट्टी त्यावर घासायला सुरुवात केली. घासायची, काचेवर उभी धरायची, खालून उजेड दिसतो का बघायचं, परत घासायची. “गिटारला कान आहे, पण तो पायाखाली आहे,” ते म्हणाले. “पाय सपाट पडला तर ऐकू येतं. तुम्ही तिला चपलेत खडा घालून चालवत होतात.” पट्टी बसवली, आतला चौकोनी सेल बदलला, लाटणं दातांत घेऊन सहाही तारा ऐकल्या. सगळ्या एकसारख्या. मग खांद्यावरची बटणं पाहून मात्र त्यांना राहवलं नाही. “बाई, ताटात मीठ वाढलेलं असतं. सगळं खाता का?”

गिटार परत देताना म्हणाले, “अर्धं झालंय. उरलेलं रसिक आल्यावर.”

घरी आल्यावर नातीला व्हिडिओ कॉल लावून वाजवून दाखवलं. ती ओरडली, “आजी! टोटल डिफरन्स!” शेजारच्या बाई डोकावून म्हणाल्या, “आज बरं वाटतंय हो.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ह्यांच्यासमोर बसले, वायर खुपसली.

उजवं. डावं. टक्.

त्या रात्री मी ह्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही. ह्यांनी न बोलता खाल्ली. हाही मला अपमानच वाटला.

चार दिवसांनी मी एकटीच तांबट आळीत गेले. गिटार न घेता. काकांनी स्टुलाकडे बोट केलं. मी उभीच राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, “दोरा मी घातला. आणि रसिक एकच आहे. माझा नवरा. वायर लावली की तो कानांतली मशिनं काढून ठेवतो. मार्गशीर्षात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, आणि त्या दिवशी त्याने ती काढू नयेत. बास.”

बाहेर हातोडे चालू होते. ते म्हणाले, “मशिनं?”

“ऐकायची.”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “बाई, हे पहिल्याच दिवशी सांगायचं की नाही! मी तुमच्या रसिकाच्या कानाने ऐकत होतो आणि त्याच्या कानात आधीच एक स्पीकर आहे. घेऊन या त्यांना.”

ह्यांना खरं कारण सांगून नेणं माझ्या स्वभावात नाही. तांब्याचं घंगाळ बघायला जाऊ म्हटलं. ह्यांना तांब्याचं वेड. गिटार आणि स्पीकर कशाला घेतलास असं विचारलंन, तर म्हटलं, घंगाळाच्या मापाला. तेवढ्यावर ह्यांचं समाधान झालं, यावरून ह्यांना किती ऐकू यायचं ते समजा.

दुकानात शिरलो. काकांनी ह्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, “हेच का रसिक?”

मी लाजले. हो, लाजले. घंगाळात तोंड घालावंसं वाटलं.

ह्यांना त्यांनी स्टुलावर बसवलं, माझ्याकडे पाठ करून. हे लगेच उलटे फिरले. काका म्हणाले, “पाठ करूनच बसा. डोळे ऐकण्यात लुडबुड करतात.”

“मग मी बघू काय?” हे म्हणाले. “मी हिची बोटं बघत असतो.”

“बोटं? आणि ऐकत नाही?”

“ऐकवत नाही हो,” हे म्हणाले. ऐकायला कमी असलेली माणसं आपण हळू बोलतोय असं समजून जे बोलतात ते आळीतल्या हातोड्यांवरून जातं, तशा आवाजात. “मशीन घातलं की स्टीलच्या ताटावर कोणी काटा ओढतंय असं वाटतं. डोक्यात जातं. मग मी काढून ठेवतो आणि बघत बसतो. बघायला छान वाटतं. जीभ बाहेर काढून वाजवते.”

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, की मी जीभ बाहेर काढते. दुसरी, की तो टक् माझ्यासाठी नव्हताच. जरा वेळाने मी विचारलं, “अहो, दोन वर्षं झाली. सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर बंद केलं असतंस.”

दोन वर्षं मी त्या टकवर आमट्या अळणी केल्या होत्या. उठून जाणं किती सोपं होतं ह्यांना. गॅलरीत पेपर होता, आरामखुर्ची होती. एकदाही गेले नव्हते. मीच टक् मोजत बसले आणि समोर बसलेला माणूस मोजला नाही.

“वाजवा,” काका म्हणाले. ह्यांची मशिनं कानांत, पाठ माझ्याकडे. मी वाजवायला लागले आणि काका गिटारच्या खांद्यावरचं एकेक बटण केसभर, केसभर मागे घ्यायला लागले.

“आता?”

“टोचतंय.”

“आता?”

“कमी टोचतंय.”

मला म्हणाले, “नखाने नको. भाकरी थापता ना, तसं बोटाच्या मांसाने.” स्पीकर माझ्या पायाशी, गिटारकडे तोंड करून होता, तो उचलून त्यांनी बाजूच्या पाटावर ठेवला, तोंड ह्यांच्याकडे. गिटारच्या पोटाच्या भोकावर रबरी चपलेच्या तळव्यातून कापलेली एक गोल चकती बसवली, शिट्टी मारू नये म्हणून. निळ्या रंगाची. दिसायला भयंकर. परत बटणं.

“आता?”

“हं.”

“आता?”

हे गप्प.

“अहो, आता कसं वाटतंय?”

“गप्प बसा हो जरा,” हे म्हणाले. “ऐकू द्या.”

काकांनी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी दुकानात गप्प केलं असावं, पण चेहरा असा की बक्षीस मिळालंय. पेन्सिल घेऊन प्रत्येक बटणापाशी एक बारीक रेघ मारली. “वहिनी,” ते म्हणाले, बाईची मी त्या क्षणी वहिनी झाले, “ह्या रेघा म्हणजे ह्यांचे कान. पुसू नका.”

त्या रेघा अजून आहेत. दुकान नाही. तीन-चार वर्षांपूर्वी गेले तर शटर बंद. शेजारचे तांबट म्हणाले, काका मुलीकडे नाशिकला असतात, तिथे फार शांत आहे म्हणून कुरकुर करतात.

पण आमच्या पन्नासाव्याला ते आले होते. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल तशीच. आल्या आल्या कोणालाही न विचारता स्पीकर वीतभर डावीकडे सरकवला आणि जिलेबीच्या दोन ताटल्या खाल्ल्या. मला एक छोटं पुडकं दिलं, “तुमचं सामान.” आत काजूकतली होती, आणि पुडकं बांधलं होतं माझ्याच पाच पदरी दोऱ्याने.

मग मी गिटार घेऊन बसले. समोर ह्यांची खुर्ची, शेजारी काका. मी वायर खुपसली. ह्यांनी खिशात हात घातला आणि निळी डबी बाहेर काढली. माझी बोटं तारांवरच थांबली. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय आणि मी त्या डबीकडे.

ह्यांनी डबी काकांच्या हातात दिली. काकांनी उघडून पाहिली. रिकामी. मिटली. टक्.

मी ती सायकलवरची चाल वाजवली. जीभ आत ठेवून वाजवायची होती, पण ते काही जमलं नाही. पहिल्या ओळीला ह्यांनी मान थोडी उजवीकडे कलवली, जशी सायकल एका पायावर पेलताना कलवली होती, आणि तिथेच ठेवली. नंतरचं मला फारसं आठवत नाही. मधे कुठेतरी बोट घसरलं, परत घसरलं, आणि संपलं. टाळ्या झाल्या. नात रडत होती, ती कशालाही रडते. काका तिसऱ्या ताटलीकडे निघाले होते.

हे उठून माझ्याजवळ आले, वाकले आणि कानात हळूच सांगावं तसं, म्हणजे पूर्ण हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले:

“दोनदा चुकलीस. पुन्हा वाजव.”